पांढऱ्या फुलाचं पोस्टकार्ड: एका छपाईचं प्रकरण

अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफच्या फुलांच्या चित्रांचा पोस्टकार्ड-संच एका प्रकाशकाला नव्याने काढायचा होता. संच जुना पण खपणारा. फाइली मात्र कालबाह्य झाल्या होत्या आणि कार्डांच्या पाठीवरचा मजकूरही. मूळ फाइल उघडण्यापासून छपाईची प्लेट निघेपर्यंतचं सगळं काम आमच्याकडे आलं. बहुतेक कार्डांनी फारसा त्रास दिला नाही. काळ्या आयरिसचं कार्ड तर पहिल्याच प्रूफला, म्हणजे नमुना छापाला, मंजूर झालं; गडद चित्रं छपाईला तशी सोसतात. सगळा वेळ खाल्ला तो एका पांढऱ्या फुलाने. त्या एका कार्डाचं हे प्रकरण.

चित्र आहे १९३२ सालचं ‘जिम्सन वीड/व्हाइट फ्लॉवर नं. १’. कॅनव्हासवर तैलरंग, उंची ४८ इंच, रुंदी ४० इंच. जिम्सन वीड म्हणजे धोतऱ्याच्या कुळातलं रानटी झुडूप. न्यू मेक्सिकोच्या कोरड्या मातीत ते कुठेही उगवतं. अंगाने विषारी, फुलं कर्ण्यासारखी, दिवस कलला की उमलणारी आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात मिटणारी. ओकीफने त्यातलं एकच फूल समोरून घेतलं आणि कॅनव्हासभर पसरलं. मध्ये हिरवट खोलगट गाभा, भोवती पांढऱ्या पाकळ्यांचा घेर, त्यामागे हिरवी पानं. फूल जवळजवळ चारही कडांना भिडतं.

चित्राची ख्याती आधीही होती, पण २० नोव्हेंबर २०१४ नंतर ती वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गेली. सांता फेच्या जॉर्जिया ओकीफ म्युझियमने संग्रहात भर घालण्यासाठी पैसा उभा करायला हे चित्र न्यूयॉर्कला सदबीज या लिलावगृहाच्या लिलावात काढलं. अंदाज होता १ ते दीड कोटी डॉलरचा. बोली थांबली तेव्हा दलालीसकट ४ कोटी ४४ लाख डॉलर झाले होते. स्त्री चित्रकाराच्या चित्राला तोवर लिलावात मिळालेली ही सर्वांत मोठी किंमत. २०२५ साली मेक्सिकन चित्रकार फ्रीदा काहलोच्या एका चित्राने हा विक्रम मोडला. पांढरं फूल आता आर्कान्सा राज्यातल्या बेंटनव्हिल गावी, क्रिस्टल ब्रिजेस म्युझियममध्ये आहे. ही विक्री पुढे आमच्या कार्डाच्या पाठीवर येऊन बसणार होती. त्याकडे नंतर वळतो.

आधी आकार, कारण या चित्रात आकार हाच विषय आहे. ओकीफने मोठ्या आकाराची फुलं रंगवायला १९२४ च्या सुमारास सुरुवात केली. ‘पेटुनिया नं. २’ हे त्यातलं सुरुवातीचं चित्र, १९२५ मध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शनात लागलेलं. समीक्षकांनी या फुलांमध्ये नाना अर्थ, विशेषतः लैंगिक अर्थ, वाचले आणि ती आयुष्यभर त्यावर चिडत राहिली. १९३९ च्या प्रदर्शन-पुस्तिकेत तिने स्वतःची बाजू सरळ मांडली. तिचं म्हणणं असं की फूल इतकं लहान असतं की ते कोणी खरं बघतच नाही, बघायला वेळ लागतो. म्हणून मी ते एवढं मोठं रंगवीन की धावपळीतल्या न्यूयॉर्ककरालाही थांबून बघावं लागेल. म्हणजे मोठेपणा ही इथे सजावट नव्हे. माणसाला अडवण्यासाठी केलेली ती योजना आहे.

आता पोस्टकार्डाचं गणित मांडा. कार्ड ४ × ६ इंच. चित्र ४० इंच रुंद. कार्डाची पूर्ण रुंदी वापरली तर चित्र बरोबर दहा पटींनी आक्रसतं: ४ × ४.८ इंच. क्षेत्रफळ शंभरावा हिस्सा. या मापात ते फूल न्यू मेक्सिकोतल्या वाटेवरच्या खऱ्या फुलाहूनही लहान होतं, कारण तिथलं धोतऱ्याचं फूल सहज तळहाताएवढं भरतं. लहान फूल कोणी बघत नाही म्हणून बाईने ते चार फुटी केलं आणि आम्ही ते पुन्हा होतं त्याच्याही खाली आणून ठेवणार. पोस्टकार्ड करूच नये, असं मला यावरून म्हणायचं नाही. ओकीफ स्वतः छापील प्रतींच्या विरोधात नव्हती. सांता फेच्या चेंबर म्युझिक महोत्सवाच्या पोस्टरांवर ती हयात असताना वर्षानुवर्षं तिची चित्रं असत. पण हिशेब एकदा कागदावर मांडला की एक गोष्ट पक्की होते. कार्ड हे चित्राचं लहान रूप होऊ शकत नाही. चित्र ज्या जोरावर उभं आहे तो जोर पहिल्याच पायरीला गेलेला असतो, आणि पुढचा प्रत्येक निर्णय उरलेल्या गोष्टींपैकी काय वाचवायचं याचा असतो. मोठेपणा गेला, निदान पांढरा तरी वाचवावा, असं मला वाटत होतं.

प्रकाशकाला वेगळं वाटत होतं, आणि त्याचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. त्याला कार्ड कडेपर्यंत भरलेलं हवं होतं. दुकानातल्या फिरत्या स्टँडवर शेकडो कार्डांमध्ये समासवालं कार्ड मागे पडतं, काठोकाठ भरलेलं पुढे येतं, हा त्याचा अनुभव. शिवाय त्याचा एक मुद्दा कलेच्या बाजूनेही होता: ओकीफचं फूल चौकटीत मावत नाही असं वाटायला हवं, मग समास कशाला?

मुद्दा चांगला होता, पण मापात बसत नव्हता. चित्राची उंची रुंदीच्या १.२ पट, कार्डाची १.५ पट. कार्ड उंचीला भरायचं तर चित्राची ४८ इंच उंची ६ इंचात आणावी लागते आणि मग ४० पैकी फक्त ३२ इंच रुंदी कार्डात शिरते. ८ इंच, म्हणजे चित्राचा पाचवा हिस्सा, कटिंग मशीनच्या पात्याखाली. दोन्ही बाजूंनी चार-चार इंच कापले तर पाकळ्यांची टोकं आणि मागची पानं जातात. उरतं ते कुठल्याही पांढऱ्या फुलाचं जवळून घेतलेलं छायाचित्र वाटेल असं काहीतरी. ओकीफने फूल कडांना भिडवलं आहे, कडांबाहेर ढकललेलं नाही. कुठे थांबायचं हे तिने ठरवलेलं आहे, आणि चित्र समजायला ती थांबण्याची जागा लागते.

वाद आमच्यात तसाच चालू राहिला असता. तो मिटवला परवान्याने. कलाकृतींच्या पुनर्मुद्रणाच्या परवान्यात काही अटी नेहमीच असतात: चित्र पूर्ण छापायचं, कापायचं नाही, कडेबाहेर जाऊ द्यायचं नाही, त्यावर अक्षर छापायचं नाही, रंगाचं प्रूफ मंजूर झाल्याशिवाय मशीन चालवायचं नाही. तपशिलाची छाटणी घ्यायची तर वेगळी परवानगी आणि पाठीवर ‘तपशील’ असा स्पष्ट उल्लेख. प्रकाशकाला ‘तपशील’ हा शब्द नको होता. लोक पूर्ण चित्र विकत घेतात, तुकडा नाही, असं तोच म्हणाला. तेव्हा काठोकाठचा विषय संपला.

मग समासाचं कार्ड, पण कसलं? कडेबाहेर जायचं नाही म्हणजे दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडणं आलं. पाव इंच सोडला तर चित्र साडेतीन इंच रुंद आणि ४.२ इंच उंच होतं. वरखाली मिळून १.८ इंच कोरा कागद उरतो. बाजूंना पाव इंच आणि वरखाली जवळजवळ इंच-इंच, हे दिसायला विचित्र. चारही बाजूंना सारखा समास घ्यायचा तर कार्ड ४ × ४.७ इंचाचं करावं लागेल, आणि तसं कार्ड अमेरिकेच्या टपालात जात नाही: किमान लांबी ५ इंच हवी. शिवाय पत्र यंत्रातून वर्गवारीला जायचं तर लांबी आणि उंचीचं गुणोत्तर १.३ ते २.५ च्या दरम्यान लागतं, त्याखाली जादा शुल्क. ओकीफच्या या चित्राचं गुणोत्तर १.२. म्हणजे चित्राला न्याय देणारा कागद टपालाला चालत नाही, आणि टपालाला चालणारा कागद चित्राशी जुळत नाही. ४ × ६ कायम ठेवलं, चित्र किंचित वर सरकवलं आणि खाली जास्त जागा सोडली. बरोबर मध्यावर ठेवलेलं चित्र डोळ्याला नेहमी खाली घसरल्यासारखं दिसतं, म्हणून.

समासाबद्दल एक जोड. १९०७ पर्यंत अमेरिकेत पोस्टकार्डाच्या मागच्या बाजूला फक्त पत्ता लिहायची मुभा होती. मजकूर लिहायचा तर चित्राच्या बाजूला, म्हणून तेव्हाच्या कार्डांवर चित्राशेजारी कोरी पट्टी सोडलेली असे. १९०७ मध्ये पाठीची दोन भागांत विभागणी मान्य झाली आणि चित्राला सगळी पुढची बाजू मिळाली. म्हणजे आज ज्याला आपण घरंदाज समास म्हणतो, तो एकेकाळी खुशाली लिहायची जागा होती. प्रकाशकाला हे सांगितलं. त्याला विशेष वाटलं नाही.

आता पांढरा. या प्रकरणातला खरा पेच हा, आणि तो समासाच्या निर्णयातूनच निघाला.

नेहमीच्या चार शायांच्या छपाईत (निळसर, गुलाबी-लाल, पिवळी, काळी) पांढरी शाई नसते. पांढरं म्हणजे जिथे शाई पडत नाही तो कागद. ओकीफचा पांढरा मात्र रंगवलेला आहे. त्यात थंड निळसर छटा आहेत, गाभ्याकडे हिरवट होत जाणारे भाग आहेत, पाकळी वळते तिथे राखाडीकडे झुकणारी सावली आहे. रंग लावलाय अगदी सपाट, कुंचल्याचे फराटे जवळपास दिसत नाहीत, त्यामुळे या छटा एकमेकींत विरत जातात. हे सगळं चार शायांच्या विरळ ठिपक्यांनी उभं करायचं: कुठे निळसर शाई आठ टक्के, कुठे पिवळी चार, कुठे काहीच नाही.

पहिलं प्रूफ आलं ते फाइलशी मोजून बघितलं तर बरोबर होतं. आणि तरी फूल मळकट दिसत होतं. धुतल्यानंतर पिवळसर राहिलेल्या कापडासारखं. कारण साधं आहे, पण कळायला प्रूफ हातात लागतं: फुलाच्या शेजारी आता कोरा कागद होता. कोटेड, म्हणजे गुळगुळीत लेप दिलेला, कागद चकाकता पांढरा, शिवाय त्यात उजळपणासाठी घातलेली रसायनं अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात, त्यामुळे तो पांढऱ्याहून पांढरा दिसतो. डोळा समोर जे सर्वांत उजळ असेल त्याला पांढरं धरतो आणि बाकी सगळं त्याच्या हिशेबाने लावतो. बेंटनव्हिलच्या भिंतीवर सर्वांत उजळ वस्तू ते फूल असतं. आमच्या कार्डावर तो मान समासाला गेला होता.

काठोकाठ छपाईत हा प्रश्न आलाच नसता. प्रकाशकाने हे ओळखलं आणि एकदा सौम्यपणे ऐकवलंही.

सोपा उपाय सगळ्यांना सुचतो: चित्रातला सर्वांत उजळ बिंदू कागदाच्या पांढऱ्यावर नेऊन बसवायचा आणि बाकीचं त्याप्रमाणे वर ओढायचं. फूल लगेच शुभ्र होतं. बाजारातली या चित्राची अनेक कार्डं आणि पोस्टरं अशीच दिसतात. पण असं केलं की दोन ते पाच टक्क्यांचे ठिपके गळून पडतात. पाकळीवरची थंड छटा, गाभ्याकडचा हिरवट उतार, सावलीचा पहिला भाग, सगळं कागद होऊन जातं. राहतो तो हिरव्या पानांमध्ये फुलाच्या आकाराचा कोरा भाग. शिवाय शून्य टक्के आणि पहिला छापला जाणारा ठिपका यांच्यामध्ये एक पायरी तयार होते, आणि मऊ उतारावर ती पायरी रेघेसारखी दिसते. मऊपणा हाच ज्या चित्राचा प्राण, त्यात ती रेघ मला सहन होण्यासारखी नव्हती.

दुसरा उपाय समासच किंचित गडद करायचा. तीन-चार टक्के राखाडी छटा देऊन कागद खाली आणायचा. पडद्यावर सुंदर दिसलं. छापल्यावर त्या छटेचे ठिपके जवळून दिसतात, आणि समासात कसला तरी डाग असल्यासारखा भास होतो. मागच्या बाजूला कोरा पांढरा, पुढे करडा समास, हे कार्ड उन्हात राहून जुनं झाल्यासारखं दिसतं. शिवाय हक्कधारकांना चित्राभोवती रंग आवडत नाही. सोडून दिलं.

तिसरा उपाय कागद बदलण्याचा. तो महागात पडतो, म्हणून शेवटी सुचतो. उजळपणाची रसायनं जवळजवळ नसलेला, नैसर्गिक पांढऱ्याकडे झुकणारा बोर्ड, म्हणजे जाड कागद, घेतला; पुढच्या बाजूने मॅट, म्हणजे चकाकी नसलेला, लेप, मागून साधा. या बोर्डाचा पांढरा थोडा उबदार आहे. त्यावर फुलातली निळसर छटा छापली की ती मळ वाटत नाही, थंडी वाटते. दोन पांढऱ्यांमधला फरक उजेडाचा न राहता रंगाचा होतो. उजळपणात समास अजूनही पुढे होता, पण थोडाच, आणि डोळा तो माफ करत होता. समासामुळे आलेला दोष समासाचाच वापर करून कमी झाला. या कामातला मला स्वतःला सर्वांत आवडलेला निर्णय हाच.

त्याची किंमत पानांनी दिली. मॅट कोटिंगवर शाई थोडी जास्त पसरते, गडद हिरवे भाग चमकदार कागदावर जितके खोल उतरतात तितके इथे उतरत नाहीत. पानं अर्धी पायरी फिकट राहिली. गडद हिरव्यात रंगीत शायांचा काही भाग काढून त्याजागी काळी शाई दिली, तेव्हा थोडी खोली आली. फुलात मात्र काळी शाई जवळजवळ वापरली नाही. विरळ काळे ठिपके फिकट जागी मातीच्या कणांसारखे टोचतात.

आकार घटण्याचा आणखी एक परिणाम इथे सांगायला हवा, तो फारसा बोलला जात नाही. कॅनव्हासवर पाकळीची एखादी छटा फूटभर अंतरात हळूहळू बदलते. कार्डावर तोच बदल इंचभरात उरकतो. उतार तोच, पण चढण तीव्र झालेली. त्यामुळे लहान प्रतीत चित्र आपोआप जास्त कडक, जास्त रेखीव दिसतं. त्यावर प्रत्येक सॉफ्टवेअर लहान करताना धार वाढवायला टपलेलं असतं, आणि जवळपास सगळे ती वाढवतात, कारण धारदार प्रूफ बघणाऱ्याला लगेच आवडतं. ओकीफच्या फुलांचे छापील नमुने पाहून अनेकांना ती थंड, कापून काढल्यासारखी वाटतात. त्यातला काही दोष या धारेचा आहे असं माझं मत आहे. इथे धार अजिबात वाढवली नाही. प्रकाशकाला प्रूफ आधी ‘धुरकट’ वाटलं. हातभर अंतरावर धरून बघितल्यावर त्याने तो शब्द परत घेतला.

फाइल, कागद, प्लेट सगळं ठरल्यावरही फूल गुलाबी होऊ शकतं, आणि ते होतं मशीनवर. कार्डं एकेकटी छापत नाहीत. मोठ्या शीटवर सगळा संच एकत्र बसवतात आणि मग कापतात. ऑफसेट मशीनवर शाईचं प्रमाण शीटच्या उभ्या पट्ट्यांप्रमाणे नियंत्रित होतं. एका पट्टीत वरपासून खालपर्यंत जी कार्डं येतील त्यांना शाई एकाच चावीने मिळते. संचात १९२७ सालचं ‘ओरिएंटल पॉपीज’ही होतं, मिनेसोटा विद्यापीठाच्या वाइझमन म्युझियममधलं. लालभडक, शाईला हावरट चित्र. मांडणी करणाऱ्याने जागा बघून ते नेमकं पांढऱ्या फुलाच्या डोक्यावर बसवलं होतं. लाल पॉपी पेटायला हवी म्हणून मशीनमन मॅजेंटा, म्हणजे गुलाबी-लाल शाई, वाढवणार, आणि त्याच पट्टीतल्या पांढऱ्या पाकळ्या लाजल्यासारख्या गुलाबी होणार. फिकट राखाडी छटेत मॅजेंटाचा दोन टक्क्यांचा फरकही डोळा पकडतो; लालात तो दहा टक्के इकडेतिकडे झाला तरी कळत नाही.

मशीनमनने हे शीट पाहताक्षणी ओळखलं. रंगाची सगळी शास्त्रं आम्ही फाइलमध्ये पाळली होती, पण लाल फुलाखाली पांढरं फूल ठेवू नये हे शहाणपण मशीनवर उभं राहूनच येतं. मांडणी मोडली. पांढऱ्या फुलाच्या पट्टीत फिकट निसर्गचित्रं आणली, पॉपी आणि बाकीची गडद फुलं एकीकडे सरकवली. पाकळ्यांतली राखाडी छटा शीटवर तपासायची जागा म्हणून समासाबाहेर, कापून जाणाऱ्या भागात, राखाडीची एक छोटी पट्टी ठेवली. ती पाच हजार केल्व्हिनच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या, प्रमाणित उजेडात बघायची. साध्या ट्यूबलाइटखाली तोच राखाडी हिरवा दिसतो आणि मग माणूस नसलेला दोष दुरुस्त करत बसतो.

आता पाठ. जुन्या कार्डाच्या पाठीवर चित्राच्या मालकाच्या जागी सांता फेच्या म्युझियमचं नाव होतं. २०१४ नंतर ते चूक. पण त्याच म्युझियमचं नाव पाठीवरून पुसायचंही नव्हतं, आणि इथे बराच गोंधळ होतो. अमेरिकी कायद्यात वस्तूची मालकी आणि प्रतिमुद्रणाचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्र विकल्याने कॉपीराइट आपोआप विकला जात नाही; तो वेगळा लिहून द्यावा लागतो. ओकीफच्या चित्रांचे हक्क सांता फेच्या म्युझियमकडे आहेत आणि त्यांचा परवाना न्यूयॉर्कची आर्टिस्ट्स राइट्स सोसायटी देते. म्हणून पाठीवर दोन संस्था येतात: मालक म्हणून क्रिस्टल ब्रिजेस, हक्कधारक म्हणून ओकीफ म्युझियम. कोट्यवधी डॉलर मोजून घेतलेल्या चित्राचं पोस्टकार्ड काढायलाही नवा मालक दुसऱ्याच्या परवानगीला बांधलेला असतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. प्रकाशकालाही वाटलं नाही, त्याने वकिलाला विचारलं.

मुदतीबद्दलही त्याचा एक अंदाज होता: १९३२ अधिक ९५, म्हणजे थोडं थांबलं की परवानाशुल्क वाचेल. अमेरिकेत ९५ वर्षं मोजतात ती चित्र रंगवल्यापासून नव्हे, ते प्रकाशित झाल्यापासून, आणि चित्र नुसतं प्रदर्शनात भिंतीवर लावणं म्हणजे साधारणपणे प्रकाशन धरत नाहीत. पहिल्यांदा ते रीतसर छापून कधी वितरित झालं यावर सगळं अवलंबून. जी कृती २००२ संपेपर्यंत प्रकाशितच झाली नाही तिला कलावंताच्या मृत्यूनंतर ७० वर्षं लागू होतात. ओकीफ ६ मार्च १९८६ रोजी गेली, म्हणजे २०५६ अखेर. कॅनव्हासवरचं साल बघून मुदत मोजू नये, एवढं वकिलाने त्याला सांगितलं आणि विषय संपला.

शीर्षकाची भानगड निराळी. ‘जिम्सन वीड’ नावाचं ओकीफचं आणखी एक प्रसिद्ध चित्र आहे, १९३६ चं, चार फुलांचं. सौंदर्यप्रसाधनांच्या उद्योजिका एलिझाबेथ आर्डन यांनी ते आपल्या न्यूयॉर्कच्या सलूनसाठी करवून घेतलं होतं; आता ते इंडियानापोलिसला आहे. जुन्या कार्डावर नुसतं ‘जिम्सन वीड’ छापलं होतं. नव्यावर पूर्ण शीर्षक, साल आणि क्रमांकासह.

मूळ चित्राचं माप पाठीवर द्यावं यासाठी मी आग्रह धरला. प्रकाशकाच्या साच्यात त्याला जागा नव्हती: शीर्षक, साल, माध्यम, मालक, हक्क, बारकोड, आणि लिहिणाऱ्याला जागा उरायला हवी. माध्यमाच्या ओळीत माप बसवलं: कॅनव्हासवर तैलरंग, ४८ × ४० इंच. कार्ड उलटून बघणाऱ्यांपैकी बरेच जण ते वाचणार नाहीत. जो वाचेल तो एकदा तरी हात पसरून अंदाज घेईल, आणि गेलेल्या मोठेपणाची तेवढीच भरपाई कार्डाला करता येते.

जाडी शेवटी ठरली, वास्तविक ती आधी ठरायला हवी होती. अमेरिकी टपालात कार्डाच्या दराने जाणाऱ्या कार्डाची जाडी ०.००७ ते ०.०१६ इंच लागते, म्हणजे वरची हद्द साधारण ०.४ मिलिमीटर. महागडं वाटावं म्हणून प्रकाशकाला जाडजूड बोर्ड हवा होता. तो या हद्दीला टेकत होता. एक पायरी पातळ घेतला. पुढच्या बाजूला लॅमिनेशन केलं नाही, फक्त मॅट वॉर्निशचा पातळ थर दिला. लॅमिनेशनने मॅट बोर्डाचा पांढरा पुन्हा बदलला असता, आणि एका बाजूने फिल्म चढवलेलं कार्ड दमट हवेत वाकतं. मागची बाजू कोरी, कोटिंगशिवाय, म्हणजे शाईपेनाने लिहिलेलं पसरत नाही आणि टपालाचा शिक्काही वाळतो.

कार्ड छापून गेलं. हक्कधारकाकडून रंगाच्या प्रूफला मंजुरी मिळाली, पानांच्या फिकटपणावर एका ओळीची टिप्पणी सोडून. ती टिप्पणी रास्त होती आणि या कागदावर तिला माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रकाशक आता ५ × ७ इंचाच्या मोठ्या कार्डाबद्दल विचारतो आहे. त्यात कडेपर्यंत नेलं तर चित्र ५ × ६ इंच होईल, मूळच्या एक अष्टमांश. समास धरून त्याहून थोडं कमी. आकाराने फारसं हाती लागत नाही, दोन्ही प्रती हातात मावणाऱ्याच. पण त्या मापाची कार्डं लोक बहुधा पाकिटात घालून देतात किंवा चौकटीत लावतात, आणि पाकीट असेल तर गुणोत्तराची अट पाकिटाला लागते, आतल्या कार्डाला नाही. मग कार्ड चित्राच्या १.२ च्या मापात करता येईल, चारही बाजूंना सारखा समास देऊन. मी त्याला ५ × ६ चा नमुना कापून पाठवला आहे, त्याच उबदार बोर्डावर. स्टँडच्या खणात तो बसत नाही, असं त्याचं उत्तर आलं आहे.